विहिरींची सुट्टी

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत, कुणी पडलेलं-झडलेलं नाही. फोन सोडून कागद का घेतला म्हणशील, तर तुझा फोन कायम स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोठ्या आवाजात लावलेला असतो. आपण दोघं बोलतो आणि भाचा, सूनबाई, भांडी घासायला येणाऱ्या बाई असे सगळे ऐकतात. एवढ्या कानांवर माझा भरवसा नाही. आता हसू नकोस. मला शंकासुर हे नाव तूच ठेवलंस. दुधाचा पेला उजेडाकडे धरून आईने पाणी घातलंय का ते बघायचो, म्हणून. ते नाव अख्ख्या खोऱ्याने उचललं, आणि आता तर माझी मुलंसुद्धा माझ्या पाठीमागे तेच म्हणतात, असा मला संशय आहे. तर शंकासुराचं हे पत्र एकटीने वाच. खोलीचं दार लावून घे आणि चष्मा शोधायला कुणाला हाक मारू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? जिन्याचा त्रास होतो का अजून? गेल्या वेळी तू म्हणालीस की तुझ्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते आणि हात बाहेर काढला तर भिंतीला लागतो. त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. इथे सकाळी दार उघडलं की तुला पलीकडच्या डोंगरापर्यंत दिसायचं. डोंगर आहे तसाच आहे. बाकी मात्र पार करपलंय. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने हूल दिली. ढग येतात, बघून जातात, पाहुण्यासारखे उंबऱ्यातूनच परत फिरतात. नदीचं पात्र आता मुलांनी क्रिकेटला घेतलंय. मी कांदा काढला आणि त्यानंतर मळ्यात काहीच लावलं नाही, त्यामुळे माझा पंप बंद आहे. हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागेल.

तरीही या खोऱ्यात अजून कुणाला घर सोडून जावं लागलेलं नाही, ते तुझ्यामुळे. भाऊजी गेल्यावर तू इथे परत आलीस, बाबांनी वरचा तुकडा तुझ्या नावावर केला, आणि तू शाळेत शिकवता शिकवता आमच्यासारख्या दगडांनाही शिकवायला घेतलंस. प्रत्येकाच्या ओसरीवर जाऊन तू सांगायचीस की विहिरी वेगवेगळ्या दिसल्या तरी खाली पाणी एकच आहे, एकाने जास्त ओढलं की दुसऱ्याचं उतरतं. लोक चहा पाजायचे आणि तू गेल्यावर टवाळी करायचे. मग तू ती सुट्टीची गोष्ट काढलीस. आठवड्यातला एक दिवस सगळे पंप बंद ठेवायचे, विहिरींना दम खाऊ द्यायचा, आणि त्या दिवशी संध्याकाळी पाणी मोजायचं. बायकांना आयुष्यात सुट्टी मिळाली नाही, निदान विहिरींना तरी मिळू द्या, असं तू भर सभेत म्हणालीस, आणि बायका एवढ्या हसल्या की पुरुषांना हो म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. सोमवार ठरला. त्या सोमवारची शांतता मला अजून आठवते. एरवी पंपांच्या घरघरीत आपल्याला एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि त्या दिवशी पार नदीपलीकडची गुरं ऐकू आली.

मोजणी अजून तुझ्याच पद्धतीने होते. टेपला वजन बांधायचं, खालच्या टोकाला खडू फासायचा, विहिरीत सोडायचा, आणि वर ओढून बघायचं की खडू कुठपर्यंत ओला झाला. सगळ्या विहिरींचे आकडे पाणी समितीच्या कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे. त्यात लपवाछपवीला जागा नाही. पाणी ठरलेल्या खुणेच्या खाली गेलं की सगळ्यांनी उपसा निम्म्यावर आणायचा. आम्ही तो आणला. कुरकुरत का होईना, पण सगळ्यांनी आणला. आणि तरीही या उन्हाळ्यात आपल्या बाजूच्या विहिरी आटायला लागल्या. नदीकडच्या ठीक आहेत. माझी, टेलरमास्तरांची आणि खालच्या गवळ्याची, या तीनच. सुट्टीच्या दिवशी पाणी चढायला हवं, तर तेव्हाही उतरतंय. याचा अर्थ एकच होतो. कुणीतरी सुट्टीच्या दिवशी उपसतंय.

आता माझी काय अवस्था झाली असेल याची कल्पना तुला आहेच. मला तर मेजवानीच मिळाली. मी प्रत्येकाच्या बांधावर रेंगाळायला लागलो. गवळ्याच्या म्हशी फार टवटवीत दिसतात असं मला वाटलं. समितीचे अध्यक्ष सभेत डोळ्याला डोळा देत नाहीत असं वाटलं, मग कळलं की त्यांना मोतीबिंदू झालाय. पंप दुरुस्त करणारा मिस्त्री मला बघून रस्ता बदलतो, त्याचाही संशय घेतला. तुझी भावजय म्हणाली की जो तो तुम्हाला बघून रस्ता बदलतो, त्यात मिस्त्रीचं काय विशेष. आणि शेवटी माझी नजर टेलरमास्तरांवर येऊन थांबली. त्यांची लिंबाची बाग यंदा तू पाहिली नाहीस. शिवणकाम सोडून त्यांनी साठलेलं सगळं त्या बागेत घातलं. झाडं यंदा पहिल्यांदा धरली आहेत. आजूबाजूला सगळं पिवळं आणि त्यांची बाग हिरवीगार. त्यांची विहीर माझ्या विहिरीला लागून. आणखी काय पुरावा हवा? त्यातून एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या कुंपणावरून डोकावलो तर झाडांची आळी ओली होती. मी धावत कार्यालयात गेलो आणि अध्यक्षांना सांगितलं.

सभा झाली. मी उभा राहिलो आणि बघितलेलं सांगितलं. मास्तर कमी बोलणारे, तुला माहीत आहे. ते म्हणाले की आळ्यांत घरातलं सांडपाणी बादलीने घालतो, आणि वर चिंध्या अंथरल्या आहेत, म्हणून ओल टिकते. लोक हसले. मीही हसलो. मग ते म्हणाले की चोर हवा असेल तर वरच्या अंगाला बघा, गेल्या उन्हाळ्यात वरच्या तुकड्यावर दोन दिवस बोअरचं मशीन चाललं होतं, आम्ही नवराबायकोने कानांनी ऐकलंय. वरचा तुकडा म्हणजे तुझा. तो तू त्या रोपवाटिकावाल्याला भाड्याने दिलास आणि त्याचं पाणी टँकरने डोंगरामागच्या रस्त्याने येतं, हे तूच मला फोनवर सांगितलं होतंस. माझं डोकं फिरलं. ज्या बाईने या खोऱ्याला पाणी मोजायला शिकवलं तिच्या जमिनीकडे बोट दाखवता, लाज नाही वाटत, असं मी ओरडलो. आणखीही बरंच बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळी सभा माझ्या बाजूने झाली. तुझं नाव निघाल्यावर दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. मास्तर टोपी घालून निघून गेले.

त्यानंतर जे सुरू झालं ते वाईट आहे, ताई. मास्तरांच्या ठिबकच्या नळ्या कुणीतरी कापल्या. दुकानदार त्यांच्या बायकोला सगळ्यांत शेवटी माल देतो. ती आमच्याकडे ताक मागायला यायची, आता आमच्या दारावरून जाताना पदर तोंडाशी धरते. आणि समितीने ठरवलंय की पुढच्या रविवारच्या सभेत त्यांच्या पंपाला सील ठोकायचं, पाऊस येईपर्यंत. भर उन्हाळ्यात पाणी तोडलं तर ती बाग जगणार नाही. सांडपाण्यावर आणि चिंध्यांवर कुठवर तग धरणार? मास्तर सत्तरीला आलेत. त्यांच्याच्याने पुन्हा झाडं लावणं होणार नाही आणि पुन्हा सुईत दोराही ओवता यायचा नाही.

खरं तर मी आता निवांत झोपायला हवं होतं. चोर सापडला, सगळे माझ्या पाठीवर थाप मारतायत. पण इतके लोक माझ्याशी सहमत झाले की मलाच चुकल्यासारखं वाटायला लागतं. मी गुपचूप मास्तरांच्या बागेत शिरलो. एका आळ्यातला पाचोळा बाजूला केला तर खाली खरोखर चिंध्या होत्या. जुन्या कोटांचं अस्तर, शाळेच्या गणवेशाचे तुकडे, कुणाच्या तरी लग्नातल्या ब्लाऊजची कातरण. जन्मभराची कातरणं त्या माणसाने झाडांच्या मुळाशी थरावर थर रचून अंथरली आहेत. हात घातला तर गार आणि ओलसर. पाटाचं पाणी दिल्याची एकही खूण तिथे नव्हती.

मग मी माझ्याच विहिरीवर रोज टेप सोडायला लागलो. समिती मोजते ती फक्त सुट्टीला, मी मोजलं रोज संध्याकाळी. माझा पंप बंद, म्हणजे माझ्या विहिरीत जे काही होईल ते दुसऱ्या कुणाच्या तरी उपशाने. आणि जे दिसलं त्याने मी चक्रावलो. सुट्टीच्या दिवशी सगळं खोरं गप्प, आणि माझं पाणी खाली. सोमवारी सगळ्यांचे पंप चालू, मास्तरांचासुद्धा माझ्या डोळ्यांदेखत चालू, आणि माझं पाणी वीतभर वर. पहिल्यांदा वाटलं की मी टेप चुकीचा धरला. पुढच्या आठवड्यात तसंच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तसंच. म्हणजे उपसणारा माणूस रोज उपसत होता, आणि सोमवारी तेवढा न चुकता थांबत होता.

तू म्हणशील, सोमवारी सगळ्यांचे पंप चालू कसे, सोमवारीच तर सुट्टी. इथेच तुला एक सांगायचं राहिलं आहे. राहिलं नाही, मुद्दाम सांगितलं नव्हतं. तू मुलाकडे राहायला गेलीस आणि पुढच्याच हिवाळ्यात शेतीच्या लाईनचं वेळापत्रक बदललं. आता दिवसा वीज फक्त सोमवारी असते, बाकी वार रात्रीचे. दिवसाची वीज मिळणारा एकुलता एक वार सुट्टीत घालवायला कुणी तयार होईना, म्हणून सगळ्यांनी मिळून सुट्टी गुरुवारी नेली. तेव्हा अध्यक्षच म्हणाले की हे ताईंना कळवायला नको, सोमवार त्यांनी ठरवलेला, इतकी वर्षं पाळलेला, त्यांना उगाच लागेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. फोनवर तू दर वेळी विचारायचीस, सोमवार नीट पाळता ना रे, आणि मी म्हणायचो, पाळतो. या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की सुट्टी गुरुवारी असते. रोपवाटिकावाल्यालाही आहे, त्याचा माणूस फळा वाचतो.

म्हणून मी वर गेलो. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच, कारण तुझ्या तुकड्यावर संशयाने जायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. जगात एकच माणूस माझ्या संशयाच्या यादीबाहेर होता. रोपवाटिकावाला भला माणूस आहे, आठवड्यातून एकदा येतो, रोपांना नावाने हाका मारतो. तेव्हा गुरुवार होता, भर दुपार. हात धुतो म्हणून मी त्याच्या काळ्या टाकीत हात घातला. टँकरने आलेलं आणि उन्हात तापलेलं पाणी चहाला चालेल इतकं गरम हवं. ते पाणी गार होतं, ताई. जमिनीच्या पोटातून आत्ताच वर आल्यासारखं गार. डोंगरामागच्या रस्त्यावर जाऊन बघितलं, तर टँकरच्या चाकाचा माग नाही, चाकोरीत गवत वाळून उभं आहे. त्याला विचारलं तर म्हणाला की पाण्याची सोय जमिनीच्या मालकीणबाईंची, मला टाकी भरलेली मिळते, पंप बंद खोलीत आहे, घरच्या लाईनवर, त्याला घड्याळ लावलंय, आपोआप चालू होतो आणि आपोआप बंद. आणि सोमवारी अजिबात चालत नाही, बाईंनी बसवतानाच तसं करून घेतलंय, म्हणून तो रविवारी टाकी काठोकाठ भरून ठेवतो. हे सगळं त्याने इतक्या सरळ सांगितलं की त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं हे मलासुद्धा कळलं. पुढच्या सोमवारी मी पुन्हा गेलो. पाणी कोमट होतं.

मशीन कधी आलं तेही आता कळलं. गेल्या उन्हाळ्यात तू आम्हा सगळ्यांना तिकडे बोलावून घेतलंस, खोली लावायला मदत हवी म्हणून. आम्ही आठवडाभर राहिलो. तू आम्हाला जाऊच देत नव्हतीस, रोज काहीतरी नवीन निघायचं, आज पडदे, उद्या फळी. मला केवढं बरं वाटलं होतं, की ताईला आपली इतकी ओढ आहे. त्या आठवड्यातल्या प्रत्येक चहाकडे मी आता पेला उजेडात धरून बघतोय, आणि याचा मला तुझ्यावर सगळ्यात जास्त राग आहे. बोअरपेक्षाही जास्त. का केलंस ते मी विचारणार नाही, कारण मला अंदाज आहे. पाण्याशिवाय ती जमीन कुणी भाड्याने घेतली नसती, आणि भाड्याशिवाय तुला त्या घरात प्रत्येक गोष्टीसाठी मुलाच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. तुला ते जमलं नसतं. मला आधी सांगितलं असतंस तर आपण काहीतरी वाट काढली असती. पण एक गोष्ट मला राहून राहून छळते. चोरी करतानासुद्धा तू सोमवार पाळलास. पकडलं जाऊ नये म्हणून, की विहिरींची खरंच कीव आली म्हणून, हे मला सांगता येत नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. मी खोलीचं कुलूप तोडलेलं नाही, आणि कुणाला काही बोललेलो नाही, घरातसुद्धा नाही. रविवारी मास्तरांच्या पंपाला सील लागायच्या आत मी उठून बोलणार आहे, हे नक्की. पण माझ्याजवळ पुरावा म्हणून एवढंच आहे की पंप सोमवारी थांबतो आणि गुरुवारी चालतो, आणि तो पुरावा मी आत्ता तुझ्या हातात दिला. पत्र तुला मंगळवारी मिळेल. रोपवाटिकावाल्याला एक फोन केलास, खोली उघडायला लावून घड्याळात गुरुवार बंद करून घेतलास, की संपलं. गुरुवारी सगळी समिती टेप घेऊन येईल, पाणी चढलेलं असेल, लोक म्हणतील की मास्तर घाबरला, चोर तोच. मग रविवारी मी कितीही ओरडलो तरी शंकासुराचं कोण ऐकणार, तेही तुझ्याविरुद्ध? दुसरा रस्ता म्हणजे बुधवारच्या गाडीने इथे ये, गुरुवारी फळ्यासमोर उभी राहा आणि तुझ्या तोंडाने सांग. तू सांगितलंस तर लोक मास्तरांच्या घरी जाऊन हात जोडतील. रागावतील, पण तुझं म्हणणंही ऐकतील, आणि मी तुझ्या शेजारी उभा असेन. मी आयुष्यात कुणावर इतका भरवसा टाकलेला नाही. बुधवारी संध्याकाळी मी थांब्यावर येईन. तू उतरली नाहीस तर गुरुवारी माझ्या विहिरीत पहिला टेप मीच सोडणार. ताई, दोन वर्षं आम्ही सगळे पाणी चढायची वाट बघतोय, आणि त्या संध्याकाळी खडू कोरडा निघावा म्हणून मी एकटाच देवाला हात जोडून उभा असेन.

अजून तरी तुझाच,
शंकासुर